पाण्याचं वजन

“वा गं प्रतीक्षा! एक किलो दोनशे ग्रॅम वाढलं तुझं,” मी म्हटलं आणि तिला हात देऊन वजनकाट्यावरून खाली उतरवलं.

माझी चूक तिथून सुरू झाली, म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

मी ज्योत्स्ना. अमरावतीच्या एका हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर स्टेमसेल ट्रान्सप्लांटच्या चार खोल्या आहेत, त्यांची मी इन्चार्ज सिस्टर. माहेर-सासर दोन्ही अकोल्याचं. ‘अकोल्याचं मे महिन्याचं ऊन डोक्यात घेऊनच ही जन्माला आली,’ असं माझे यजमान चारचौघांत सांगतात, आणि ते काही खोटं नाही. माझ्या तोंडाला वॉर्डात सगळे टरकून असतात. पण पेशंटशी मी गोड बोलते. बावीस वर्षांची पोर, केस गेलेले, तोंडात फोड, घोटभर पाणी गिळायचं तरी डोळ्यांत पाणी येणार. तिला बरं वाटावं म्हणून मी बोलून गेले. आपल्याकडे आजारी माणसाचं वजन वाढलं की कौतुकच करतात ना? तसं ते तोंडातून निघून गेलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिची आई बसली होती, माणिकबाई. अंगात निळा गाऊन, डोक्याला टोपी, तोंडावर मास्क. नुसते डोळे दिसत होते.

“सिस्टर,” ती म्हणाली, “चार दिवस झाले, पोट्टीनं तोंडात दाना घेतला नाई. मंग वजन आलं कुठून?”

“सलाइन चालू आहे ना, मावशी. रक्त देतोय, औषधं देतोय. थोडंफार वाढतंच.”

“हे थोडंफार नोय. हे पान्याचं वजन होय.”

“मावशी, तुम्ही तुमचं काम करा, आम्हाला आमचं करू द्या,” मी म्हटलं आणि फाइल घेऊन बाहेर पडले.

आता ही माणिकबाई कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातली माळ्याची मुलगी. शाळा चौथीपर्यंत. सतराव्या वर्षी लग्न होऊन अमरावतीला आली ती थेट अंबादेवीच्या देवळाबाहेर हार ओवायलाच बसली. नवरा देवीदास आणि ती, दोघांचं मिळून एक लाकडी फळी, एक छत्री आणि एक बादली एवढं दुकान. दोन लेकरं, सागर आणि प्रतीक्षा. प्रतीक्षा पाच वर्षांची असताना देवीदास गेला. त्यानंतर बाईनं एकटीनं ती फळी चालवली, सागरला आयटीआय केलं, मुलीला बी.कॉम.ला घातलं. तिसऱ्या वर्षाला असताना मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला. एकदा बरा झाला, वर्षभरात उलटला. डॉक्टरांनी सांगितलं, आता भावाच्या स्टेमसेल द्याव्या लागतील. सागरचं रक्त दहाला दहा जुळलं. खर्चाचं एका ट्रस्टनं पाहिलं, त्याचं सांगत बसत नाही.

आमच्या मजल्यावर फुलाची पाकळीसुद्धा चालत नाही. फुलात बुरशी असते, जंतू असतात, आणि आमच्या पेशंटच्या अंगात त्यांच्याशी लढायला काहीच उरलेलं नसतं. म्हणजे तीस वर्षं जिचे हात फुलांत होते, तिला आम्ही नखं काढायला लावली, दिवसातून वीस वेळा कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि फळीकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं. बाईनं हूं की चूं केलं नाही. फक्त एकदा ती आपले हात नाकाशी नेऊन म्हणाली होती, “वास गेला वं सिस्टर माह्या हाताचा.”

तिच्या त्या हातांची एक गोष्ट मला सागरनं सांगितली. फुलबाजारात व्यापारी झेंडूच्या पोत्यावर पाणी मारतात. फुलं ताजी दिसतात आणि काट्यावर जड भरतात. सूर्यभान नावाचा एक अडत्या यात पटाईत होता. माणिकबाईनं एकदा त्याच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घातला, मूठभर फुलं दाबून पाहिली आणि म्हणाली, “सूर्यभानभाऊ, दहा किलोत सव्वा किलो पानी हाय. फुलं मी घेतो. पानी माह्या घरी नयाले फुकट येते.” सगळा बाजार हसला. सूर्यभान चिडला, त्यानं चादरीवर फुलं पसरली, पंख्याखाली वाळवली आणि पुन्हा काट्यावर घातली. एक किलो कमी भरलं; बाईचा अंदाज जेमतेम पाव किलोनं चुकला होता. तेव्हापासून तो तिला सुकी फुलं देतो आणि वर नमस्कार करतो.

ही गोष्ट ऐकून मी हसले होते. तिचा माझ्या कामाशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. बुद्धीला गंज चढला की असं होतं.

ट्रान्सप्लांटमध्ये आधी खूप कडक औषधं देऊन पेशंटच्या हाडांतली सगळी जुनी मज्जा जाळून टाकतात आणि मग नव्या पेशी देतात. त्या औषधांनी कधीकधी लिव्हरमधल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि बुजतात. रक्त आत शिरेना की मागं तुंबतं, पाणी पोटात झिरपतं. आधी वजन वाढतं, मग पोट, मग उजव्या बरगडीखाली दुखतं, आणि मग डोळे पिवळे. मी हे सगळं तीन महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते. पण आमच्या चार खोल्यांत आजवर अकरा ट्रान्सप्लांट झाली होती आणि एकालाही हा आजार झाला नव्हता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याची भीती वाटत नाही, मग कितीही मार्क पडोत.

हा आजार वेळीच कळावा म्हणूनच रोज सकाळ-संध्याकाळ वजन घ्यायचं आणि टेपनं पोटाचा घेर मोजायचा, असा आमच्याकडे नियम आहे. सकाळी मी मोजायची, संध्याकाळी ब्रदर योगेश. तक्त्यावर घेराचे आकडे होते, सेंटिमीटरमध्ये, सत्तर, बहात्तर, सत्तर, एक्काहत्तर. म्हणजे काही नाही. वजन वाढत होतं, पण धोक्याची रेघ पाच टक्क्यांची, आणि आम्ही तिच्या खाली होतो. डॉक्टर गौरांग पाठक आमचे मुख्य. वयानं माझ्याहून लहान, पण हुशार आणि शांत. त्यांनी तक्ता पाहिला, सलाइन कमी केलं, म्हणाले, “घेर वाढत नाहीये. लक्ष ठेवू.” घेर वाढत नाहीये, हे त्यांना मी सांगितलं होतं.

पेशी दिल्यापासूनचा तो अकरावा दिवस, माणिकबाई पाण्याचं वजन म्हणाली त्याला दोन दिवस झालेले. सकाळी मी खोलीत शिरले तर माणिकबाई मुलीला स्पंजिंग करून देत होती, आणि तिच्या हातात एक पांढरी नाडी होती. मुलीच्या पोटाभोवती तिनं ती गुंडाळली होती.

माझं डोकंच फिरलं. राग आला की मी शुद्ध बोलायचं विसरते.

“काय करून राह्यल्या हे, मावशी? कुठून आनली ही दोरी? इथं पोट्टीच्या जिवाशी खेळ चालू आहे, अन् तुमी काय गंडेदोरे बांधून राह्यल्या? थोडी तं अक्कल ठेवा!”

प्रतीक्षानं डोळे मिटून घेतले. माणिकबाई उठली नाही की घाबरली नाही. “गंडा नोय सिस्टर,” ती म्हणाली. “नव्या गाऊनची नाडी होय. तुमच्या त्या औषधानं हात धुऊन मंगच तोडली. चार दिवस झाले, रोज याच टायमाले मोजतो. हे पाहा.”

नाडीला चार गाठी होत्या. रोज सकाळी नाडीचं टोक जिथं येऊन मिळायचं तिथं तिनं एक गाठ मारली होती. तिनं पहिल्या आणि चौथ्या गाठीच्या मध्ये आपली बोटं ठेवली. चार बोटं बसली.

“असं कसं?” मी म्हटलं. “आमच्या तक्त्यात तर...”

“तुमच्या तक्त्याचं मले नाई मालूम. तुमी सकायी बेंबीच्या वरतून मोजता, पोट्टी सपाट झोपली असते तवा. योगेशभाऊ संध्याकायी खालून मोजते, खाट उभी करून. मी पाह्यलं. मी बेंबीखालच्या या तियावरून मोजतो. तीळ काई जागचा हालत नाई.”

“मग सांगितलं का नाही मला?”

“सांगतलं. तुमी म्हटलं, मावशी तुमचं काम करा.”

मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. मी टेप काढला. त्या तिळावरून, तिला सपाट झोपवून, श्वास सोडायला लावून मोजलं. सत्त्याहत्तर. मी दुसऱ्यांदा मोजलं. सत्त्याहत्तर. उजव्या बरगडीखाली हळूच दाबलं तर प्रतीक्षाचं तोंड वेडंवाकडं झालं. आदल्या दिवशी चढवलेल्या प्लेटलेट्सही कुठं गेल्या ते कळत नव्हतं, आकडा जिथल्या तिथं. सगळी पुस्तकातली लक्षणं माझ्यासमोर झोपलेली होती, आणि ती चौथी शिकलेल्या हारवालीनं मला दाखवली होती.

मी धावतच सरांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवायचंही भान नव्हतं.

“सर, माझा तक्ता खोटा आहे,” मी म्हटलं.

सतरा वर्षांच्या नोकरीत असं वाक्य मी कधी बोलले नव्हते. सरांनी सगळं ऐकलं. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त उठले आणि म्हणाले, “सोनोग्राफी मॅडमना मशीन घेऊन वर बोलवा. आत्ता.” तासाभरात कळलं. लिव्हर फुगलेलं, पोटात पाणी, आणि लिव्हरकडे जाणारं रक्त इतकं मंदावलेलं की मधूनच ते उलटं फिरत होतं. जायचं आत, आणि येत होतं मागं. मॅडमनी पडद्यावर ते मला दाखवलं. माणसाच्या आत असंही होतं, आणि माणूस वरून नुसता गप्प पडून असतो.

सरांनी माणिकबाईला बाहेर बसवून समजावलं. “मावशी, शेतात ठिबकच्या नळ्या चोक होतात ना? मोटर चालू आहे, पण पाणी झाडाला जात नाही, भलतीकडूनच फुटतं. तसं झालंय.”

“नया साफ होतात काय?” तिनं विचारलं.

“एक औषध आहे. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. पण जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. आज सापडलं ते फार बरं झालं. अजून दोन दिवसांनी कावीळ दिसली असती, तेव्हा सापडलं असतं तर कठीण होतं.”

ते औषध अमरावतीत नव्हतं. नागपूरहून गाडीनं आलं, बर्फाच्या डब्यातून नाही, साध्या खोक्यातून, एवढ्याएवढ्या बाटल्या. डिफायब्रोटाइड त्याचं नाव. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दोन तास, असं कमीत कमी एकवीस दिवस नसेतून द्यायचं. सरांनी सहीच्या आधी सगळं सांगितलं, रक्तस्राव होऊ शकतो हे सांगितलं, आणि हे डुकराच्या आतड्यातून काढतात तेही सांगितलं, कारण काही लोकांना ते चालत नाही.

माणिकबाई म्हणाली, “कोनाच्याबी पोटातून आलं असू द्या, डॉक्टर सायेब. माह्या पोट्टीच्या पोटाले लागू पडलं तं मी त्या डुकराचे पाय धरीन.” आणि तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर कोरत.

मला वाटलं होतं, औषध सुरू झालं की सुटलो. छे! तेराव्या दिवशी डोळे पिवळे झाले. वजन वाढतच होतं. पन्नास झालं, एक्कावन्न झालं. नाकातून रक्त आलं, एक डोस थांबवावा लागला, पुन्हा सुरू केला. पोट असं ताणलं की कातडी चकाकायला लागली.

त्याच दिवशी खाली रिसेप्शनवर गोंधळ झाला म्हणून मला बोलावलं. माणिकबाईची नणंद पार्बताबाई मोर्शीकडच्या गावाहून आली होती. हातात वर्तमानपत्राची पुडी, आणि पुडीत काविळीची माळ. तुम्ही पाहिली असेल. कुठल्याशा झुडपाच्या काड्या दोऱ्यात गुंफून केलेली छोटीशी माळ. रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. ती दिवसेंदिवस लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि लोक म्हणतात, कावीळ उतरली.

माणिकबाई खाली आली. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघणार, आणि मला नाही म्हणावं लागणार. तिनं पुडी घेतली, माळ बाहेर काढली, दोन बोटांनी एक गाठ उसवून पाहिली आणि पुन्हा पुडी बांधली.

“वन्सं, हे वापस घेऊन जा,” ती म्हणाली.

“काहून? अवं, पोट्टी पिवयी पडली म्हने! भगतानं सोता मंतरून देल्ली!”

“तुमच्या भावालेबी घातली होती. आठोते?”

पार्बताबाई एकदम रडायला लागली. मग मला कळलं, देवीदास कशानं गेला ते. काविळीनंच. सतरा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यावर अशीच माळ ठेवली होती. माळ रोज लांबत होती, घरचे रोज खूश होत होते. डॉक्टरकडे न्यायचं राहून गेलं. माळ बेंबीपर्यंत आली त्या दिवशी देवीदास गेला.

“तेरवी झाल्यावर,” माणिकबाई मला म्हणाली, “मी तशीच माळ आनली अन् घरी भिताडाच्या खिळ्याले टांगली. भिताडाले काई कावीळ झाली नोती सिस्टर. तरीबी ते रोज लांबून राह्यली. काड्या सुकतात, गाठ ढिली पडते, झालं. मी हार ओवनारी बाई, गाठीत जलम गेला माहा. मले हे आंधी दिसाले पाह्यजे होतं. नाई दिसलं. तवापासून मी मोजमापाले असंच खरं मानत नाई. वाढून राह्यलं तं काय वाढून राह्यलं, ते पाहतो.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मोठमोठ्या कॉलेजांत जे शिकवतात ना, की आधी मोजमाप तपासा, मग विश्वास ठेवा, ते या बाईनं भिंतीवरच्या खिळ्याकडून शिकून घेतलं होतं. आणि त्यासाठी केवढं मोजलं होतं तिनं! एक माणूस. मला तिच्यापुढं एवढंसं वाटायला लागलं.

सोळाव्या दिवशी प्रतीक्षाला ऑक्सिजन लावला. लघवी जेमतेम. वजन बावन्नला टेकलं, मूळचं शेहेचाळीस. सर बाहेर आले आणि त्यांनी माणिकबाईला आणि सागरला समोर बसवलं. गोलगोल बोलले नाहीत. “पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. औषध काम करतंय की नाही ते यात कळेल. नाही केलं, तर माझ्याकडे दुसरं काही नाही.”

सागर भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्याच पेशी बहिणीला दिल्या होत्या ना, त्याला वाटत होतं माझ्याच रक्तानं घात केला. तसं काही नव्हतं, मी शंभरदा सांगितलं, पण आपलं रक्त म्हटलं की माणूस असाच विचार करतो.

माणिकबाईनं एकच प्रश्न विचारला. “आपन उशीर केला काय, सायेब?”

सर म्हणाले, “नाही, मावशी. तुमच्यामुळे नाही झाला.”

ते मला सहन झालं नाही. ती हात धुवायला बेसिनशी गेली तेव्हा मी मागोमाग गेले. म्हटलं, “मावशी, तुम्ही पाण्याचं वजन म्हणाल्या तेव्हाच मी ऐकलं असतं, तर दोन दिवस अजून मिळाले असते. ते दोन दिवस मी घालवले.” आणि मला रडू फुटलं. मला! जिला सगळा वॉर्ड टरकतो!

तिनं नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल ते मला जन्मभर पुरेल. तिनं बोलायलाही पाहिजे होतं.

“ते दिवस आता मोजू नोका,” ती म्हणाली. “चुकलं तं चुकलं. पन तुमी सायबाले जाऊन सांगतलं. दुसरी कोनी असती तं तक्ता दुरुस्त करून गप बसली असती. आता रडाचं असन तं भाईर जाऊन रडा, मंग हात धुवा, अन् आतमंधी या. दोन वाजताचा डोस हाय.”

मी बाहेर जाऊन रडले, हात धुतले आणि आत आले. दोनचा डोस मीच लावला.

सतरावा दिवस तसाच गेला. अठराव्या दिवशी सकाळी मी वजन घेतलं. आता तिला उभं राहवत नव्हतं, खाटेचाच काटा. एक्कावन्न आठशे. मला खरं वाटेना. मी खाट हलवून, चादर काढून, पुन्हा घेतलं. एक्कावन्न आठशे. दोनशे ग्रॅम! आयुष्यात कोणाचं वजन कमी झालं म्हणून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मी आकडा मोठ्यानं बोलले नाही. शहाणपण आलं होतं. टेप काढला, तिळावरून घेर मोजला. अर्धा सेंटिमीटर कमी. मग लघवीची पिशवी पाहिली. रात्रीपासून भरून वर आली होती. मग मी माणिकबाईकडे बघितलं आणि मान हलवली. तिनं आपल्या नाडीनं मोजलं, गाठीजवळ बोट धरलं, आणि मलाही मान हलवून दाखवली. आकडा तोंडातून काढायची दोघींना भीती वाटत होती.

त्यानंतर रोज थोडं थोडं उतरत गेलं. एक्कावन्न, साडेपन्नास, एकोणपन्नास. ऑक्सिजन निघाला. डोळ्यांतला पिवळेपणा कडेनं विरळ व्हायला लागला. सागरच्या पेशींनी आत बस्तान बसवलं, पांढऱ्या पेशी वर आल्या. मी अकोल्याला सुट्टीवर जाणार होते, गेलेच नाही. यजमान फोनवर म्हणाले, “घरदार आहे की नाही तुले?” मी म्हटलं, “आहे, पण ते कुठं पळून नाही जात.” खरं सांगते, मला तिथून हलवेना. देवळात मूर्तीपुढं उभी राहूनही मला कधी असं वाटलं नाही. औषधाच्या त्या थेंबाथेंबानं आत कुठंतरी केसाएवढ्या वाटा मोकळ्या होत होत्या, हजारो, लाखो. कोणाला दिसत नव्हत्या, आणि तरी होत होत्या. हे ज्यानं शोधलं त्याला मी ओळखत नाही. पण त्याला आणि या हारवालीला मी मनातल्या मनात एकाच पाटावर बसवलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सोनोग्राफी मॅडम पुन्हा मशीन घेऊन आल्या. या वेळी सर म्हणाले, “मावशीला आत राहू द्या.” प्रतीक्षाच्या पोटावर जेल लावला. पोट आता खाली बसलं होतं, कातडी सुरकुतलेली. मॅडमनी बराच वेळ पाहिलं, बटणं दाबली. मग त्या म्हणाल्या, “सर, फ्लो नॉर्मल आहे. बरोबर दिशेनं.”

“आवाज लावा,” सर म्हणाले.

मॅडमनी बटण फिरवलं आणि खोलीत तो आवाज आला. तुम्ही कधी ऐकला नसेल. सळसळ म्हणावी तर तशी नाही. जोरात, सलग, घुमत जाणारा. इतकं मोठ्यानं काही त्या हडकुळ्या पोरीच्या आत चाललंय हे खरंच वाटत नव्हतं.

“हे काय होय?” माणिकबाईनं विचारलं.

“तिचं रक्त, मावशी. लिव्हरकडे चाललंय.”

माणिकबाई पुढं आली. पडद्याकडे नाही, तिनं मुलीच्या पोटाकडे बघितलं. “पोटात होती तवा मशीन नोती आमच्याकडे,” ती हळू म्हणाली. “हे पह्यल्यांदाच आयकून राह्यलो मी.” आणि काही कळायच्या आत ती वाकली आणि तिनं आपलं कपाळ प्रतीक्षाच्या दोन्ही पावलांवर टेकवलं. नवरात्रात कुमारिकेच्या पाया पडतात तसं. सर चष्मा काढून पुसायला लागले. माझा मास्क ओला झाला होता आणि मला तो बदलायचंही सुचत नव्हतं.

प्रतीक्षानं पाय एकदम आखडून घेतले.

“आई, काय करून राह्यली तू हे सगळ्यांसमोर! ऊठ नं! अन् यायले सांग हा जेल पुसाले, थंडी वाजून राह्यली मले. कवाची सांगून राह्यली, कोनी आयकतच नाई!”

अठ्ठावीस दिवस ती पोर सुया, नळ्या, उलट्या, सगळं मुकाट्यानं सोसत होती. ज्या पेशंटला वाचायची खात्री नसते तो कुरकुर करत नाही, हे मी सतरा वर्षं बघत आलेय. माणिकबाई तशीच पायाशी वाकलेली होती. तिचे खांदे हलत होते, आणि मला आधी वाटलं, ती रडते आहे. ती हसत होती.

“पुसा वं सिस्टर,” ती म्हणाली, “माही लेक रागावून राह्यली.”